डोलीचा मागचा खांदा

स्वराज्य आल्यानंतरच्या दुसऱ्या माघात उंबरमाळला ग्रामपंचायत बसायची ठरली, आणि भिवाजीची झोप उडाली.

उंबरमाळ म्हणजे भिवपुरीच्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी बसलेलं गाव. नदी ओलांडली की एक उभा चढ लागतो. तो चढून वर आलं की गाव, आणि गावाच्याही वर ठाकरांची वाडी. गाव आणि वाडी मिळून एकच पंचायत होणार होती. पंच निवडायला काही अडचण आली नाही. ज्याला चार माणसं विचारतात तो पंच, असं म्हणून सगळे बिनविरोध झाले. वाडीतर्फे शुक्रा झाला. कायदा असा की मग पंचांनी आपल्यातूनच सरपंच आणि उपसरपंच नेमायचे. पण गावाने पंचांना आधीच बजावून ठेवलं होतं, की जोडी कोणती ते आम्ही हात वर करून सांगू, तुम्ही त्याच जोडीला मत द्या. बायांनाही हात होते. हे नवीनच होतं.

सरपंच व्हायला पंचांपैकी दोघे उभे राहिले. एक हिरामण. त्याने आपल्या मेव्हण्याला उपसरपंच धरला आणि मोकळा झाला. दुसरा भिवाजी.

भिवाजी ताडमाड उंच. सभेत बसला तरी उभा असल्यासारखा दिसे. आवाजही तसाच, नदीपलीकडच्या गुराला इकडून हाकलणारा. खालापूरकडच्या एका गावात पंचायत बसली तेव्हा तिथल्या सरपंचाला लोक वाटेत उभे राहून रामराम करतात, असं त्याने ऐकलं होतं. त्या रामरामाने त्याला वेड लावलं. शेतात जाताना तो एकटाच डावी-उजवीकडे मान डोलवून बघे, कशी दिसते ते.

अडत होतं ते एवढंच की जोडीला कोण घ्यायचा.

त्याने आधी बायकोला विचारलं. सुंदरा भाकरी थापत होती.

"मला काय विचारता? ज्याला रोज च्या पाजावा लागणार नाय, असा कोणतरी घ्या."

मग तो खळ्यावर गेला. तिथे झोडणी उरकून माणसं पेंढा रचत होती. एक म्हणाला, पंचांतल्या सखाला घे, तो भिवपुरीच्या वीजघरात कामाला, सायबाशी बोलायची सवय हाय त्याला. दुसरा म्हणाला, सायब गेला की रं आता, नामाला घे, तो तुला कधी नाय म्हणणार नाय. तिसरा म्हणाला, जो नाय म्हणत नाय तो उपसरपंच कशाला, मांजर पाळ. चौथ्याने सांगितलं की उपसरपंच जाडा असावा, म्हणजे सरपंच नसला तरी जागा रिकामी दिसत नाही. भिवाजीने सगळं ऐकून घेतलं आणि डोक्यात जास्तच गुंता घेऊन परत आला.

शेवटी तो अंबाबाईकडे गेला. ही त्याची लांबची चुलती. गुडघे गेलेले, पण जीभ शाबूत. विहिरीवरच्या सगळ्या बाया तिच्या ओट्यावर घडीभर टेकून मग घरी जात. बायांचे हात कुठे वर होणार ते त्या ओट्यावर ठरणार, हे भिवाजीला पक्कं ठाऊक होतं.

"काकी, तुजं काय मत?"

"कशाचं?"

"जोडीला कोण घेऊ मी?"

अंबाबाईने मिश्रीचं बोट तोंडातून काढलं. "आमी बाया दुसरं काय बघणार रं? तुमची कचेरी आमी बघितली नाय. आमाला तुमी दोघं एकत्र दिसता ते डोलीच्या दांड्याखाली. मला डोलीत घाल. बसून बघते आणि सांगते."

डोली म्हणजे दुसरं काही नाही. वेळूचा लांब दांडा, त्याला घोंगडी बांधायची, आत दुखणाईत निजवायचं, आणि दोघांनी दांड्याची दोन टोकं खांद्यावर घेऊन कर्जत गाठायचं. उंबरमाळला चाकाची वाट नव्हती. पुरुषमाणूस सहसा पाय ओढत चालत जाई नाहीतर घरातच संपे. डोलीत बसायची वेळ यायची ती बायांवर, आणि तीही नेमकी अडल्या वेळी. डोलीचा पुढचा खांदा गेली कैक वर्षं भिवाजीचा. पुढे त्याच्याशिवाय कोणी धरायचंच नाही, अशी जणू रीतच पडली होती. मागे हाताला येईल तो.

"तुला झालंय काय पण?" भिवाजीने विचारलं.

"दाढ दुखतेय," अंबाबाई म्हणाली. "दुखत नसली तरी काढायचीच हाय ती."

पहिल्या खेपेला मागे सखा होता. त्याने पायात बूट घातले, खांद्यावर घडी घालून टॉवेल ठेवला, टॉवेलवर रुमाल ठेवला, मग दांडा घेतला. उतार उतरताना ठीक चाललं. कर्जतला दाढ निघाली. परतताना भिवपुरीला आले तर वीजघराचा भोंगा झाला. सखाने डोली हळूच खाली ठेवली.

"माजी पाळी लागली, काकी. येतो."

तो गेला तो गेलाच. भिवाजीने लाकडं तोडून घरी चाललेल्या एका गड्याला गयावया करून मागच्या टोकाला लावलं आणि म्हातारी कशीबशी वर आणली.

"माणूस चांगला हाय," अंबाबाईने ओट्यावर निकाल दिला. "पण उपसरपंच पाळी सुटल्यावर मिळंल."

विहिरीवर हे दोन दिवस पुरलं.

दुसऱ्या खेपेला मागे नामा. आता दुसरी दाढ. नामा बुटका, मान खाली घालून चालणारा. भिवाजी म्हणाला नदीत वरच्या अंगाने उतरू, नामा म्हणाला उतरू. अंबाबाई म्हणाली खालच्या अंगाने, नामा म्हणाला बरं. परतताना चढ लागला. पुढे भिवाजी, तोही वरच्या पायरीवर, आणि मागे नामा खालच्या पायरीवर. दांडा असा तिरका झाला की म्हातारीचे पाय आभाळाकडे गेले आणि डोकं घसरत घसरत नामाच्या पोटात शिरलं.

"नामा, बरा हायस ना?" ती घोंगडीतून म्हणाली.

"बरं चाललंय की," नामा म्हणाला. त्याला श्वास घेता येत नव्हता.

भिवाजी पुढे ताठ चालला होता. वेशीजवळ दोन माणसं उभी होती, त्यांनी त्याच्याकडे बघावं म्हणून तो थोडा आणखी ताठ झाला. मागे नामा गुडघ्यांवर यायचा राहिला.

ओट्यावर अंबाबाई एवढंच म्हणाली, "नामाचं पोट मऊ हाय."

"म्हंजे त्याला घेऊ?"

"मी पोटाचं सांगितलं. तुजं तू समजून घे."

भिवाजीला यातून कळलं ते इतकंच, की नामा बुटका आहे आणि जोडीदार उंच पाहिजे. बायका पदराआड हसल्या ते त्याने बघितलं, पण बायका हसतातच, असं म्हणून सोडून दिलं.

"आता शुक्राला घेऊन बघ," अंबाबाई म्हणाली. "अजून एक दाढ हाय माजी."

इथे मात्र भिवाजी अडखळला. वाडीची मतं हवी होती, त्यामुळे शुक्राचं नाव त्याच्या मनात येऊन गेलं नव्हतं असं नाही. पण शुक्रा म्हणजे तिरपागडा माणूस. बिडी ओढत ओढत बोलायचा, आणि बोलायचा ते असं की ऐकणाऱ्याची बिडी विझावी. सकाळी हाक मारली तर दुपारी यायचा. शिवाय तो वाडीचा. वाडीतली माणसं गावात येत ती कडेकडेने, गाववाल्याच्या मागून. तरी डोलीचा मागचाच तर खांदा, असा विचार करून भिवाजीने निरोप धाडला.

ज्या दिवशी कचेरीतला कारकून येऊन सरपंच कोण ते लिहून घेणार होता, त्याच दिवशी ही तिसरी खेप पडली. शुक्रामुळेच उशीर झाला होता. पहाटे निघायचं ते सूर्य चांगला वर आल्यावर निघाले. उतारावर शुक्रा मागून बिडी ओढत चालला आणि डोली इतकी सरळ गेली की अंबाबाई झोपली. कर्जतला दाढ काढणाऱ्याने तिचं तोंड बघून सांगितलं, की बाई, काढण्यासारखं आता काही राहिलं नाही. मग तिने बाजारातून सुकट घेतली आणि परत फिरले.

नदी ओलांडून चढाच्या तोंडाशी आले आणि शुक्राने डोली खाली ठेवली.

"काय झालं रं?" भिवाजीने विचारलं.

"चढ आला. मागं ये."

"कोण?"

"तूच. उंच माणूस उताराला पुढं, चढाला मागं. त्याबिगर दांडा सरळ राहत नाय. आमच्या वाडीत पोरंटोरंबी हेच करतात."

"मी पुढंच धरतो. सगळ्या गावाला ठाऊक हाय."

"सगळ्या गावाला ठाऊक हाय, तुला नाय," शुक्रा म्हणाला आणि दगडावर बसला.

भिवाजीने वर बघितलं. चढाच्या माथ्यावर गावाची वेस. तिथून आत शिरताना पुढे शुक्रा आणि मागे आपण, पटकुराच्या टोकाला लोंबकळल्यासारखे. आणि तेही आजच्या दिवशी. छे.

"उपसरपंच व्हायचंय ना तुला?" तो म्हणाला.

"नाय," शुक्रा म्हणाला. "मला फक्त म्हातारी अंगावर घ्यायची नाय."

"ऐकते मी," घोंगडीतून आवाज आला.

"ऐक की. सुकट खाऊन जड झालीस तू."

तेवढ्यात नदीवर धुणं धुवायला गेलेल्या बाया परतीला लागल्या. वाटेत डोली बघून त्या थांबल्या. थांबल्या त्या बोचकी खाली ठेवूनच. थोड्या वेळाने वरून हिरामण आणि त्याचा मेव्हणा कारकुनाला सामोरे जायला म्हणून उतरले, ते थांबले. नामा आला. सखाची पाळी नव्हती, तो आला. वाडीतली माणसं आज मत द्यायला उतरत होती, तीही आली. अर्ध्या तासात सगळे मतदार त्या चढाच्या तोंडाशी जमा झाले आणि प्रत्येकाला मत होतं.

"भिवादादा, जा की मागं, तुजी उंची कमी होणार हाय काय?"

"नको जाऊ. सरपंचानं मागं चालल्यावर पाठीमागून रामराम घालायचा का आमी?"

"म्हातारीला विचारा ना कुणीतरी."

"मी काय घाईत नाय," अंबाबाई म्हणाली. तिने सुकटीची पुडी उशाखाली सरकवली आणि घोंगडी नीट ओढून घेतली.

मग कारकून आला. तो घामाघूम, काखेत कागदांची पिशवी. सगळं गाव आपल्याला सामोरं आलं आहे असं वाटून तो आधी खूश झाला. मग त्याला डोली दिसली.

"कोणी आजारी आहे का?"

"कोण नाय," शुक्रा म्हणाला. "सरपंच ठरतोय."

कारकुनाने वर चावडीवर जाऊया म्हणून सांगून बघितलं. पण वाट एकच, तीही अरुंद, आणि तिच्यात म्हातारी. तो एका दगडावर रुमाल पसरून बसला.

हिरामणला वाटलं, हीच वेळ. तो पुढे झाला. "ह्यांचं भांडण ह्यांना लखलाभ. आमी दोघं नेतो काकीला वर. बघा मग, जोडी कशी असते ती."

हिरामण आणि मेव्हणा दोघे सारख्याच बांध्याचे, म्हणजे सारखेच ठेंगणे. दोघांनी आजवर डोलीला कधी हात लावला नव्हता. त्यांनी दांडा खांद्यावर घेतला, म्हातारी जमिनीवरून चार बोटं उचलली गेली, आणि ते झोकात चालू लागले. चढावरचे दगड मात्र चार बोटांहून उंच होते. पहिल्या दगडावर अंबाबाईचं बूड आपटलं. दुसऱ्यावर ते घासत गेलं. तिसऱ्याला ती शांतपणे म्हणाली:

"ठेवा रं बाबांनो खाली. जेवढं उरलंय तेवढं घरी न्यायचंय मला."

हसण्याची अशी लाट उठली की कारकुनानेही पिशवी तोंडावर धरली. हिरामण परत आला तो मेव्हण्याकडे न बघताच.

भिवाजीही हसला. सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसला. आता तर आपल्याशिवाय कोणी उरलंच नाही. तो पुढे झाला आणि दांड्याचं वरचं टोक धरून म्हणाला, "चल शुक्रा, उचल. झाला तेवढा खेळ पुरे."

शुक्रा हलला नाही. बायांच्या घोळक्यातून जिजा पुढे आली. गावातल्या हिरू म्हाताऱ्याची ही सून. गेल्या पावसाळ्यात अडली होती, तेव्हा तिला डोलीतून कर्जतला नेली होती. तिथे दोन दिवस राहून, कळा थांबल्या म्हणून परत आणली, आणि याच चढावर त्या पुन्हा सुरू झाल्या. पोर झालं ते वरच्या वळणावर, भर पावसात. आता तेच पोर तिच्या काखेत होतं आणि तिच्या मण्यांची माळ चोखत होतं.

"भावजी," ती म्हणाली, "तवा पण तुमीच पुढं होता."

"होतो की. मीच आणली तुला."

"आणली. पण मी सगळा चढ डोक्यावर उलटी आले. मागं माजे सासरे होते. माजं डोकं त्यांच्या छातीवर. सासऱ्याच्या. मी कळा देऊ का पदर सावरू?"

नामा पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागला.

"मग सांगितलं का नाय?" भिवाजीचा आवाज पहिल्यांदाच जवळच्या माणसाला ऐकू जाईल एवढा झाला.

"सांगितलं. मामंजींनी दोनदा हाक दिली. तुमी म्हणालात, आलं, आलं, हे काय गाव आलं. मागं बघितलंच नाय तुमी."

भिवाजीला ती खेप चांगली आठवत होती. पाऊस, पायाखालची निसरण, आणि वर पोचल्यावर लोकांनी आपल्या पाठीवर मारलेल्या थापा. हिरूने हाक दिली होती हेही आठवलं. म्हातारा दमला असेल, असं तेव्हा वाटलं होतं. घरी येऊन त्याने सुंदराला सांगितलंही होतं, की एकट्याच्या जिवावर आणली.

त्याने वरचं टोक सोडलं. डोलीला वळसा घातला आणि खालच्या टोकाशी येऊन वाकला.

"उचल," तो म्हणाला.

शुक्राने बिडी विझवून कानामागे ठेवली आणि दांडा घेतला.

मागचा खांदा म्हणजे काय ते भिवाजीला पहिल्या वीस पावलांतच कळलं. चढावर सगळा भार मागे येतो. पायाखालचं काही दिसत नाही, डोली आडवी येते. पुढच्याची पाठ आणि टाचा, एवढीच काय ती दुनिया. वर तोंडासमोर अंबाबाईचं तोंड, उलटं, आणि ते बोलत होतं.

"कसं वाटतंय रं भिवा?"

"गप बस, काकी."

"मला सरळ वाटतंय. एवढी सरळ मी लगीन होऊन आले तवापण आले नव्हते."

पुढून शुक्रा हाका देत होता. डावा दगड. निसरडं. आता वळण, हळू. भिवाजी त्या आवाजावर पाय टाकत होता. मध्ये एकदा शुक्रा गप्प झाला तेव्हा त्याचा जीव घाबरा झाला.

"बोल की रं," तो खालून म्हणाला.

"सपाट हाय. सपाटीचं काय बोलू?"

मागून सगळं गाव, बोचकी घेतलेल्या बाया, वाडीची माणसं आणि शेवटी कारकून, अशी वरात वर चढली. वेशीतून आधी शुक्रा आत गेला, मग म्हातारी, मग भिवाजी. वेशीजवळ कोणीच उभं नव्हतं. सगळे मागे होते.

चावडीवर डोली ठेवून भिवाजी खांदा चोळू लागला. कारकुनाने पिशवी उघडली, टाक काढला.

"हं. सरपंच कोण?"

लोक अंबाबाईकडे बघू लागले. ती डोलीतच उठून बसली होती.

"असं लिहा," ती म्हणाली. "उताराला भिवाजी, चढाला शुक्रा."

"म्हणजे काय?"

"खाली कर्जतला, कचेरीत, सायबापुढं जायचं तवा भिवाजी सरपंच. तो उंच हाय, आवाज हाय, तुमी लोक त्याला दारात उभा करून ठेवणार नाय. गावात, वाडीत, वर काय करायचं असंल तवा शुक्राचं ऐकायचं आणि भिवाजीनं मागचा खांदा द्यायचा."

कारकून कळवळून म्हणाला, "आजी, कायद्यात चढ-उतार नसतो."

"मग तो कायदा सपाटीवरच्या माणसानं केला असंल," अंबाबाई म्हणाली. "तुमी तुमच्या रीतीनं लिहा. आमाला कळलं म्हणजे झालं."

बायांचे हात वर गेले. वाडीचे गेले. खळ्यावरच्या माणसांचे गेले. हिरामणच्या घरचे तेवढे खाली राहिले, पण त्यांच्यातही एका म्हाताऱ्याचा चुकून म्हणा की मुद्दाम म्हणा, वर गेलाच. कारकुनाने पंचांना विचारलं, पंचांनी होकार दिला. आता उरला भिवाजी.

त्याला काय मिळत होतं ते त्याला नीट समजलं होतं. कचेरीतलं सरपंचपण. जिथे त्याला कोणी ओळखत नव्हतं आणि रामराम घालणारंही कोणी नव्हतं. गावातलं, ज्याच्यासाठी झोप उडाली होती ते, बिडी कानामागे ठेवलेल्या माणसाकडे चाललं होतं. तो शुक्राकडे बघत राहिला. शुक्रा चावडीच्या खांबाला टेकून पायातला काटा काढत होता. जणू दुसऱ्याच गावची निवडणूक.

"काय रं, चालंल का तुला?" भिवाजीने विचारलं.

"मला मिटिंगला सकाळी बोलवायचं नाय," शुक्रा म्हणाला. "बाकी चालंल."

"लिहा," भिवाजी कारकुनाला म्हणाला. "सरपंच भिवाजी, उपसरपंच शुक्रा. म्हातारी म्हणते तसं. ते कागदावर दिसलं नाय तरी."

कारकुनाने लिहिलं, दोघांचे अंगठे घेतले, आणि दिवस कलायच्या आत खाली उतरायचं म्हणून लगेच उठला. वाट दाखवायला सरपंच-उपसरपंचांनी नदीपर्यंत तरी यावं, असं त्याने आदबीने सांगितलं. तिघे निघाले. उतार होता, तेव्हा भिवाजी हक्काने पुढे झाला. मध्ये कारकून, मागे शुक्रा नवी बिडी पेटवून.

थोडं चालून गेल्यावर भिवाजीने मान वळवून मागे बघितलं. आणखी थोडं गेल्यावर पुन्हा बघितलं.

"काय बघतोस सारखा?" शुक्राने विचारलं.

"काय नाय. हायस का बघतो."

"हाय की. पण तू पुढं बघ. दगड हाय."

भिवाजीने पुढे बघितलं तोवर अंगठा ठेचाळला होता.